अंगावरचे पित्त, पांढरी गोळी आणि आपले यकृत

आपल्या बोलीतील एका शब्दाने मोठा घोटाळा करून ठेवला आहे. तो शब्द म्हणजे 'पित्त'. अंगावर लाल गांधी उठल्या आणि खाज सुटली, की आपण म्हणतो, पित्त उठले. जेवणानंतर छातीत जळजळू लागले व आंबट पाणी घशाशी आले, तरी म्हणतो, पित्त झाले. आणि डोळे पिवळे दिसू लागले, म्हणजे पित्त रक्तात उतरले. वास्तविक या तीन गोष्टी तीन घरच्या आहेत. गांधी उठतात त्या हिस्टामिन नावाच्या द्रव्यामुळे. छातीत जळजळते ते जठरातील आम्लामुळे. आणि यकृतात जे खरोखरीचे पित्त तयार होते, त्याचा संबंध आहे तो फक्त तिसऱ्या गोष्टीशी, म्हणजे काविळीशी. म्हणूनच 'पित्ताची गोळी द्या' असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला जाणता औषधविक्रेता अगोदर विचारतो, 'पोटातल्या पित्ताची की अंगावरच्या?'

या अंगावरच्या पित्ताची गोळी आज घरोघरी आहे. आमसुलाचे पाणी अंगाला चोळून स्वस्थ बसण्याचे दिवस गेले. वसंतात झाडे मोहरली, हवेत परागकण उडू लागले, की शिंकांच्या फैरी झडतात. जुने दप्तर झटकले, पावसाळ्यात भिंतीला बुरशी आली, तरी तीच गत होते. मग डबीतून एक लहानशी पांढरी गोळी काढायची आणि पाण्याबरोबर गिळायची. कित्येकांचा हा नेम वर्षानुवर्षे चालू आहे. अशा माणसाला कोणी तरी सांगतो, 'अहो, या गोळ्यांनी लिव्हर खराब होते.' झाले! मनात भीतीचा किडा शिरतो. कोणी गोळी टाकून देऊन रात्रभर खाजवीत बसतो. कोणी ती भीती हसण्यावारी नेतो आणि दोनाच्या जागी चार गोळ्या घेतो. दोघेही चुकतात. या भीतीत तथ्य किती आणि ते कोठे आहे, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

उत्तर आधी सांगून टाकतो. नुसत्या ॲलर्जीच्या गोळीने यकृतास इजा झाल्याची उदाहरणे आहेत, परंतु ती अतिशय विरळा आहेत. या गोळीच्या संगतीने दुसरे जे औषध पोटात जाते, त्याचा धोका तिच्याहून पुष्कळ मोठा आहे. आणि या गोळीच्या आड कधी कधी यकृताचाच आजार लपून बसतो, तो धोका तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. आता हे क्रमाने पाहू.

'ॲलर्जी' हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने घडविला. शरीराला एखादा निरुपद्रवी पदार्थ शत्रू वाटतो आणि ते त्याच्यावर तुटून पडते, असा त्याचा सोपा अर्थ. या लढाईत शरीरातील काही पेशी हिस्टामिन सोडतात. त्याने बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पाणी झिरपते, त्वचेवर गांधी उठतात, नाक वाहते, डोळे चुरचुरतात. हिस्टामिनचे हे प्रताप हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी १९१० साली तपशिलाने मांडले. पुढे १९३७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दानियेल बोव्हे आणि ॲन-मारी स्टाउब यांनी हिस्टामिनला अडविणारे पहिले द्रव्य शोधून काढले. ते माणसाला देण्याजोगे नव्हते, फार विषारी होते. पण वाट सापडली. १९४० नंतरच्या दशकात माणसाला मानवणारी औषधे निघाली आणि १९५७ साली बोव्हे यांना नोबेल पारितोषिक मिळाले. क्लोरफेनिरामिन हे त्या पहिल्या पिढीतले, घेतले की झोप आणणारे. सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन ही दुसऱ्या पिढीची, झोप कमी आणणारी औषधे.

आता यकृताकडे वळू. मराठीत काळीज म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हृदय येते. पण मटणाच्या दुकानात कलेजी मागितली, तर मिळते ते यकृतच. उजव्या बरगड्यांखाली असलेला हा अवयव मोठ्या माणसात सव्वा ते दीड किलो वजनाचा असतो. मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त त्यातून वाहते, आणि त्यातले पाऊण हिस्सा रक्त थेट आतड्यांकडून आलेले असते. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असे. बाहेरून येणारी प्रत्येक गाडी तेथे थांबवून, माल तपासून मगच आत सोडीत. यकृत हा शरीराचा तसला नाका आहे. आपण गिळलेले औषध आतड्यातून शोषले जाते ते प्रथम येथे येते. येथील पाचक द्रव्ये त्याची मोडतोड करतात, त्याचे रूप बदलतात आणि ते मूत्रातून किंवा पित्तातून बाहेर घालविण्याजोगे करतात. ज्या नाक्यावर सगळा माल उतरतो, तेथे एखादे वेळी स्फोटही व्हावयाचाच. औषधांचा त्रास यकृताला अधिक का होतो, त्याचे कारण हे.

परंतु सगळी औषधे या नाक्यावर सारखाच वेळ थांबत नाहीत. सेटिरिझिन बव्हंशी जसेच्या तसे मूत्रावाटे निघून जाते. म्हणून ज्याचे मूत्रपिंड अधू आहे, त्याला त्याची मात्रा कमी द्यावी लागते. फेक्सोफेनाडिनही जवळजवळ न बदलता, मुख्यतः शौचावाटे बाहेर पडते. लोराटाडिनवर मात्र यकृतात बरीच प्रक्रिया होते, म्हणून यकृताच्या रोग्यास ते जपून देतात. सारांश, 'ॲलर्जीची गोळी' ही एक जात नव्हे. त्यात पोटजाती आहेत.

नाक्यावरचे काम बिघडले तर काय होते, याचे उदाहरण टर्फेनाडिनच्या हकिकतीत सापडते. झोप न आणणारी पहिली ॲलर्जीची गोळी म्हणून १९८५ साली ती अमेरिकेत आली आणि अत्यंत लोकप्रिय झाली. ही गोळी यकृतात पोचली, की तिचे जवळजवळ सर्व द्रव्य तेथे बदलले जाई, आणि जे नवे द्रव्य तयार होई तेच ॲलर्जीवर काम करी. मूळ कच्चे द्रव्य रक्तात फारसे उतरतच नसे. पण बुरशीवरचे केटोकोनाझोल किंवा एरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक त्याच वेळी कोणी घेतले, तर यकृतातील ते विशिष्ट पाचक द्रव्य अडून बसे. यकृत आजारी असले तरी तेच होई. मग कच्चे टर्फेनाडिन रक्तात साचून हृदयाचे ठोके प्राणघातक रीतीने बिघडत. १९९० साली अशी हकिकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, आणखी उदाहरणे पुढे आली आणि १९९८ साली ते औषध अमेरिकेच्या बाजारातून काढून घेण्यात आले. गंमत अशी, की यकृत त्यापासून जे निर्धोक द्रव्य बनवीत असे, तेच फेक्सोफेनाडिन. ते १९९६ साली स्वतंत्र औषध म्हणून मंजूर झाले आणि आज आपण घेतो ते हेच. यकृताचे काम कारखान्याने आधीच करून दिले, म्हणा ना!

औषधाने यकृतास इजा होण्याचे प्रकार दोन. पहिला मात्रेचा. अमुक एका मर्यादेबाहेर औषध घेतले तर कोणाच्याही यकृताला इजा होणारच. येथे पंक्तिप्रपंच नाही. दुसरा प्रकार प्रकृतीचा. लाखो लोकांना मानवलेले औषध एखाद्यालाच बाधते, आणि तेही नेहमीच्या मात्रेत. त्याची जन्मजात घडण, त्याच्या रोगप्रतिकारशक्तीचा स्वभाव अशी काही कारणे त्याच्या मुळाशी असतात. पण गोळी हाती घेतली असता हा एकटा कोण, हे सांगता येत नाही. ॲलर्जीच्या गोळ्यांची जी थोडी उदाहरणे आहेत, ती या दुसऱ्या प्रकारातली. लोराटाडिन घेणाऱ्यांत यकृताला तीव्र इजा होऊन ते निकामी होण्यापर्यंत मजल गेल्याचे १९९६ साली अमेरिकेत नोंदले गेले. सेटिरिझिन घेतल्यावर पुन्हा पुन्हा यकृतदाह झालेल्या एका रुग्णाची हकिकत इटलीतील डॉक्टरांनी २००४ साली प्रसिद्ध केली. आपल्याकडे सेटिरिझिनच्याच जातीच्या लेव्होसेटिरिझिनबरोबर एकाच गोळीत माँटेलुकास्ट देण्याची चाल फार आहे. त्यानेही क्वचित यकृतदाह होतो.

ही उदाहरणे ऐकून कोणी घाबरून जाऊ नये. कोट्यवधी माणसे ही औषधे घेतात, त्यांत अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याजोगी आहेत. त्याला एक कारणही सांगता येते. ज्या औषधांची रोजची मात्रा ५० मिलिग्रॅमहून कमी असते, ती यकृताला सहसा बाधत नाहीत, असे पाहणीत दिसून आले आहे. सेटिरिझिन आणि लोराटाडिन या गोळ्या १० मिलिग्रॅमच्या असतात. भारतात औषधांमुळे यकृतास होणाऱ्या इजेचा विचार केला, तर पहिला क्रमांक क्षयावरील औषधांचा लागतो, ॲलर्जीच्या गोळीचा नव्हे. तेथेही लगेच सांगितले पाहिजे, की क्षयाची औषधे भीतीपोटी कोणी सोडू नयेत. ती डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यावयाची असतात, एवढाच त्याचा अर्थ.

मग खरा धोका कोठे आहे? तो गोळीच्या संगतीत आहे. सर्दीची म्हणून जी गोळी आपण विकत आणतो, तिच्या वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचून पाहा. बहुधा तीन नावे आढळतील: क्लोरफेनिरामिन, नाक मोकळे करणारे फिनाइलेफ्रिन आणि पॅरासिटामॉल. यातले पहिले ॲलर्जीचे औषध दोनचार मिलिग्रॅम असते; पॅरासिटामॉल कित्येक गोळ्यांत ५०० मिलिग्रॅम. म्हणजे वरातीत नवरदेव एक आणि पाहुणे शंभर, तसा हा प्रकार आहे.

पॅरासिटामॉल हे उत्तम औषध आहे, योग्य मात्रेत निर्धोक आहे. परंतु त्याची इजा पहिल्या प्रकारातली, म्हणजे मात्रेची आहे. यकृतात त्याचा बहुतेक भाग निरुपद्रवी होऊन जातो; थोडासा भाग मात्र एका विषारी द्रव्यात रूपांतरित होतो. हे विष मारण्यासाठी यकृताजवळ ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो. औषध मर्यादेत आहे तोवर हा साठा पुरतो. ते अति झाले, की साठा संपतो आणि विष यकृताच्या पेशींवरच उलटते. नित्य मद्य घेणारा किंवा चारपाच दिवस अन्न न गेलेला माणूस असेल, तर त्याचा साठा मुळातच तोकडा असतो. या औषधाच्या अतिमात्रेने यकृत नष्ट झाल्याची हकिकत ब्रिटनमध्ये १९६६ साली प्रथम प्रसिद्ध झाली.

आता थोडा हिशेब करू. निरोगी, प्रौढ माणसाने दिवसाकाठी ४००० मिलिग्रॅमपेक्षा अधिक पॅरासिटामॉल घेऊ नये, अशी मर्यादा आहे. कृश, वृद्ध अथवा यकृताच्या रोग्यासाठी ती याहून खाली येते. एखाद्या गृहस्थास सर्दी-ताप आला. सर्दीची गोळी दिवसातून ३ वेळा, म्हणजे १५०० मिलिग्रॅम. तापासाठी ६५० मिलिग्रॅमची वेगळी गोळी ४ वेळा, म्हणजे २६०० मिलिग्रॅम. बेरीज ४१०० झाली. रात्री अंग दुखते म्हणून शेजाऱ्याने दिलेली आणखी एक गोळी घेतली, तर मर्यादा कोठल्या कोठे मागे राहिली. या गृहस्थाने आपल्या समजुतीप्रमाणे तीन निरनिराळी औषधे घेतली. यकृताच्या लेखी ते एकच होते. त्यात अमेरिकेहून येणारी मुलेसुना आईवडिलांसाठी मोठमोठ्या बाटल्या घेऊन येतात. त्यांवर ॲसिटॅमिनोफेन असे नाव असते. ते पॅरासिटामॉलचेच दुसरे नाव होय. एका घरात एकच औषध दोन नावांनी नांदते आणि कोणाच्या ध्यानात येत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने चिठ्ठीवर मिळणाऱ्या मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असे २०११ साली जाहीर केले आणि त्यासाठी २०१४ च्या जानेवारीपर्यंतची मुदत दिली, ती याच काळजीने.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अतिमात्रा झाली, तरी पहिल्या दिवशी फारसे काही होत नाही. थोडी मळमळ, थोडी उलटी, मग बरे वाटते. यकृताची इजा उघड होते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. यावर ॲसिटिलसिस्टीन हा उत्तम उतारा आहे. पण तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर सर्वांत गुणकारी. म्हणून चुकून अधिक गोळ्या पोटात गेल्या, विशेषतः लहान मुलाने गोड औषधाची बाटली रिकामी केली, तर 'उद्या बघू' म्हणू नये. त्याच घटकेस रुग्णालय गाठावे.

आता तिसरी गोष्ट, जी आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. खाज ही दर वेळी ॲलर्जीचीच असते असे नाही. यकृतातून पित्त वाहून जाण्याच्या वाटेत अडथळा आला, म्हणजे पित्तातील द्रव्ये रक्तात साचतात आणि अंगभर खाज सुटते. कित्येकदा डोळे पिवळे होण्याच्या आधी ही खाजच दिसते. अंगावर गांधी नाहीत, पुरळ नाही, तरी तळहात व तळपाय खाजतात, रात्री झोप येत नाही; असा माणूस ॲलर्जीच्या गोळ्या घेत राहतो. आठवडे जातात. मग कावीळ दिसते आणि खापर फुटते गोळीवर. गोळी बिचारी निर्दोष. दोष एवढाच, की तिने आजारावर पांघरूण घालण्याची सोय करून दिली.

गरोदर स्त्रीच्या बाबतीत तर हे फारच जपले पाहिजे. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत काही स्त्रियांना पुरळाशिवाय, विशेषतः हातापायांच्या तळव्यांना, विलक्षण खाज सुटते. घरातील वडीलधाऱ्या बायका म्हणतात, 'पोट ताणले की खाजायचेच, बाई. आमच्या वेळी नव्हते का?' बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु यकृतातील पित्ताचा प्रवाह मंदावल्याने ही खाज असेल, तर आईला त्रासच होतो, पण पोटातील बाळाच्या जिवाला धोका असतो. पित्ताम्लांची रक्ततपासणी केली, की निदान होते आणि बाळंतपण केव्हा करावे हे डॉक्टर ठरवू शकतात. ती तपासणी न करता सुनेला डबीतली पांढरी गोळी देऊन निजविणे, हे प्रेम असले तरी शहाणपण नव्हे.

याच्या उलटही घडते. अस्वच्छ पाण्यातून पसरणारी कावीळ आपल्याकडे फार. दिल्लीत १९५५-५६ साली दूषित पाण्यामुळे सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली होती. अशा काविळीत पहिले काही दिवस नुसता बारीक ताप, अंगदुखी आणि अन्नावरची वासना उडणे एवढेच असते. माणूस सर्दीची गोळी घेतो. आठवड्याने डोळे पिवळे होतात. गोळी आधी आणि कावीळ नंतर, एवढ्यावरून गोळीने कावीळ झाली असे म्हणणे म्हणजे कोंबडा आरवल्याने सूर्य उगवला म्हणण्यासारखे आहे. म्हणून डॉक्टर हे नाते जोडताना अनेक गोष्टी पाहतात. औषध सुरू केल्यानंतर किती दिवसांनी त्रास झाला? ते बंद केल्यावर उतार पडला काय? विषाणूंची कावीळ, पित्ताचे खडे, मद्य ही इतर कारणे तपासून वगळली काय? पुन्हा तेच औषध घेतल्यावर पुन्हा तोच त्रास झाला, तर पुरावा फार बळकट होतो. मात्र हा शेवटचा प्रयोग कोणी घरी करून पाहू नये. दुसरा तडाखा पहिल्याहून भारी असू शकतो.

'आम्ही इंग्रजी औषध घेतच नाही, आमचे सर्व नैसर्गिक' असे म्हणणारेही पुष्कळ. त्यांनाही एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. करोनाच्या साथीत, २०२० साली, गुळवेलीचा काढा घराघरांत शिरला. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांत यकृताची इजा पाहिली आणि २०२१ साली ती हकिकत प्रसिद्ध केली. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. ती वनस्पती खरी गुळवेलच होती काय, असा प्रश्न विचारला. वाद कसाही असो, सामान्य माणसाने घ्यावयाचा धडा एकच. कुंपणावरून तोडलेली वेल कोणती, याची खात्री आपणांस नसते. आणि झाडाचे असले तरी द्रव्य ते द्रव्यच, त्यालाही यकृताच्या नाक्यावरूनच जावे लागते.

मग करावे काय? ॲलर्जीची गोळी डॉक्टरांनी सांगितली असेल तर ती खुशाल घ्यावी, सांगितली तेवढी घ्यावी. वेष्टनावर औषधाचे मूळ नाव वाचण्याची सवय लावून घ्यावी. कंपनीने दिलेले नाव हे टोपणनाव असते. पॅरासिटामॉलची दिवसाची बेरीज कागदावर मांडावी. पूर्वी यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार झाला असेल, तर तो न विचारताच डॉक्टरांना सांगावा. गोळी चालू असता भूक मेली, मळमळू लागले, उजव्या बरगडीखाली दुखू लागले, लघवी चहाच्या रंगाची झाली, पुरळ नसता खाज सुटली किंवा डोळे पिवळे दिसले, तर गोळी थांबवून डॉक्टरांकडे जावे आणि जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या, काढे, चूर्णे पिशवीत घालून बरोबर न्यावी. रक्तातील बिलिरुबिन आणि यकृताची विकरे यांची तपासणी साधी असते. हायमन झिमरमन या अमेरिकन यकृततज्ज्ञाने दाखवून दिले, की औषधाने यकृताच्या पेशींना इजा होऊन त्याबरोबर कावीळ दिसली, तर दहातील सुमारे एक रुग्ण दगावतो. म्हणजे अशा वेळी कावीळ उतरविणाऱ्याकडे जाऊन माळ घालून घेण्यात किंवा डोळ्यांत थेंब टाकून घेण्यात जो आठवडा जातो, तो जिवावर बेततो.

आणि आणखी एक नागरिकाचे काम. औषधाने काही विपरीत घडले, तर ते कळविण्यासाठी आपल्या देशात २०१० पासून व्यवस्था आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून ती चालते आणि १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही स्वतः कळविता येते. टर्फेनाडिनचा दोष उघड झाला तो कोणी तरी एक उदाहरण नोंदले, दुसऱ्याने दुसरे नोंदले, म्हणून. विरळा घडणारी गोष्ट एका दवाखान्यात कधीच कळत नाही. ती अनेकांच्या नोंदी एकत्र झाल्या तरच कळते. जी गोळी आज आपण निर्धास्त गिळतो, तिचा निर्धास्तपणा अशा अनोळखी माणसांनी केलेल्या नोंदींवर उभा आहे. त्यांत आपली भर घालणे, हे आपल्यामागून ती गोळी घेणाऱ्यांचे ऋण फेडण्यासारखे आहे.